समुद्र मर्यादेत आहे

एका जंगलात, जिथे झाडं गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून वाढतात, तिथे धाकू नावाच्या साळिंदराने फार वर्षांपूर्वी एक आवाज ऐकला होता.

गुळुक.

एवढाच. पुन्हा झाला नाही. तेव्हा धाकू लहान होता, बाळांनो. अंगावरचे काटे अजून मऊ होते. बापाशेजारी तो एका दगडाला टेकून बसला होता आणि आवाज आला तो दगडाच्या मागून.

आता त्या दगडाचं आधी सांगायला हवं. खाडीच्या काठी एक गोल दगड होता. त्याला मर्यादेचा दगड म्हणत. दगडाच्या पुढे समुद्र, दगडाच्या मागे जंगल. पाण्याने दगडापर्यंत यावं, दगड ओला करावा आणि गुपचूप परत जावं, असं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं ते कोणाला ठाऊक नव्हतं. समुद्राला विचारलं होतं की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

भाद्रपदातल्या पुनवेला भर दुपारी मोठं उधाण यायचं. तेव्हा राखणदार दगडावर बसायचा. पाणी ओसरायला लागलं की तो तीनदा हाक द्यायचा, "समुद्र मर्यादेत आहे." मग सगळं जंगल जेवायला बसायचं. लग्नं त्यानंतर लावायची. नवी बिळं त्यानंतर खणायची. राखणदारी साळिंदरांच्या घराण्यात होती. साळिंदरं खरं तर दिवसा झोपतात. पण नोकरी लागली की दिवसा जागावं लागतं.

"बाबा, दगडाच्या मागे पाणी वाजलं," धाकू म्हणाला.

"तुला भूक लागली असेल," बाप म्हणाला. त्याने उठून तीनदा हाक दिली आणि जंगल जेवलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर बापाने दगडाला खांदा लावला. कण्हत कण्हत तो वीतभर वर चढवला.

"दगड घसरला होता," तो धाकूला म्हणाला. "समुद्र काही मर्यादा सोडत नाही. मग घसरला असणार तो दगडच."

धाकूला ते पटलं. त्या वयात बाप सांगतो ते पटतं.

पुढे बाप गेला आणि धाकू राखणदार झाला. दगड घसरतच राहिला. आधी चार-पाच वर्षांतून एकदा, मग वर्षाआड, मग दर वर्षी. धाकू मुकाट्याने खांदा लावायचा. दगड घसरताना त्याने कधी पाहिला नव्हता. पण राखणदाराने सगळंच पाहायला हवं असं नाही, हे बगळ्याने त्याला समजावून सांगितलं होतं.

हा बगळा म्हणजे जंगलातला पाण्याचा जाणकार. जन्मभर पाण्यात उभा राहिलेला. सगळे त्याला गुरुजी म्हणत. कितीही पाणी चढलं तरी तो मान वाकवून बघायचा आणि सांगायचा, "माझ्या गुडघ्याच्या खाली आहे." ते खरंच असायचं. त्याचे पाय लांब होते.

आणि राजा होता रानडुक्कर. मनाने चांगला. दिवसभर चिखलात लोळायचा आणि कोणी काही विचारलं की बगळ्याकडे बघायचा.

एका वर्षी दगड चढत चढत सशाच्या बिळाच्या वर गेला. आता पंचाईत झाली. दगडाच्या पुढे असतो तो समुद्र. म्हणजे ससा समुद्रात राहतोय.

"समुद्रात राहतो तो मासा," बगळा म्हणाला.

"गुरुजी, मी गवत खातो," ससा म्हणाला.

"मासेही काहीबाही खातात."

राजाने सशाला मासा ठरवलं. सशाला आधी जरा बरंच वाटलं. घराण्यात कोणी मासा झालेलं नव्हतं. दोन दिवस तो ओल्या बिळात मासा होऊन राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की बगळा मासे खातो. चौथ्या दिवसापासून ससा कोणाला दिसला नाही.

"मासे खोल पाण्यात जातात," बगळा म्हणाला, आणि चोच पंखाला पुसली.

सशाच्या बिळाच्या वर चढणीला उंडीचं झाड होतं. त्याच्या मुळाशी धाकूचं बीळ. तिथे धाकू आणि त्याची बायको आवडी राहत. आवडीचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेर आली की ती हरवायची. एकदा दारातल्या उंडीपाशीच अर्धा दिवस गोल गोल फिरत राहिली होती. पण बिळात तसं नव्हतं. बिळाला सात वळणं. कुठे मूळ खाली आलंय, कुठे भिंत खरखरीत आहे, सगळं तिच्या नाकाला पाठ. बाहेरून आलेल्या धाकूला आत काही दिसायचं नाही.

"वाक आता," आवडी पुढून सांगायची. "डावीकडे सर. तिथे नको, काल तिथेच आपटलास."

बिळाबाहेर ती आंधळी होती आणि बिळात तो. असा त्यांचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

पावसाळा सरत आला की उंडीखाली एक पाहुणी उतरायची. सोनचिखली. मूठभर जीवाची पक्षीण, पण यायची फार लांबून, पार उत्तरेच्या टोकावरून. आवडीला तिचा आवाज आवडायचा.

"आलीस, बाय? यंदा दमलेली वाटतेस."

"दमले नाही, वहिनी. घाबरलेय," सोनचिखली म्हणाली. "आमच्याकडचा बर्फ चाललाय."

"बर्फ म्हणजे काय गो?"

त्या जंगलात बर्फ कोणी पाहिलेला नव्हता. सोनचिखलीने विचार केला. "पाणीच. पण दगडासारखं. त्याच्यावरून चालता येतं."

आवडी हसली. "मग धाकूला सांग. त्याला पाण्यापेक्षा दगडातलं जास्त कळतं."

धाकू दारात बसला होता. सोनचिखली त्याच्याकडे वळली. "धाकूदादा, बगळा दुपारभर उन्हात उभा राहतो. त्याला काही होत नाही. म्हैस का डबकं शोधत फिरते?"

"ती काळी आहे. तापते."

"तसंच. आमचा समुद्र पांढरा होता तोवर ऊन परतवून लावायचा. बर्फ गेला आणि खालचं काळं पाणी उघडं पडलं. ते ऊन पितं. तापतं. तापलं की आणखी बर्फ जातो. मग आणखी काळं पाणी."

"आणि याचं इथे आम्हाला काय?" धाकूने विचारलं. त्याने वाईट मनाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"आमच्याकडे थंडीच्या कडेकडेने उंचावरून एक वारा फिरतो. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा, गोल गोल. थंडी हा त्याचा खुंटा. आता खुंटा हलायला लागलाय. बैल वाकडातिकडा भटकतो. एका गावावर ऊन घेऊन बसून राहतो, दुसऱ्यावर थंडी सांडतो, तिसऱ्याला पावसात बुडवतो."

"म्हणून यंदा महिन्याभराचा पाऊस तीन दिवसांत ओतला का?" आवडी म्हणाली. "माझ्या तिसऱ्या वळणाची भिंत गेली."

"सगळंच त्याच्यामुळे होतं असं म्हणणार नाही मी, वहिनी. पण बैल सुटलाय, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि डोंगरांवरचा बर्फ वितळून समुद्रात उतरतोय, तेही पाहिलं. तापलेलं पाणी जरा फुगतं, ते वेगळंच. समुद्र सगळा एकच असतो, धाकूदादा. तिकडे भर पडली की इकडे चढतं." तिने दगडाकडे चोच केली. "तुझा दगड घसरत नाहीये."

धाकूने खांद्यावरचे काटे झाडले. मग म्हणाला, "माझा बाप म्हणायचा, घसरतो."

"बापाने पाहिलेला घसरताना?"

धाकूने जमीन हुंगली. काही नव्हतं तिथे.

दुसऱ्या दिवशी तो सोनचिखलीला राजाकडे घेऊन गेला. राजाने सगळं नीट ऐकलं. मधे एकदाच डुलकी घेतली. मग बगळ्याकडे पाहिलं.

"बर्फ आणून दाखव," बगळा म्हणाला.

"इथे?" सोनचिखलीने विचारलं.

"मग काय आम्ही तिकडे येऊ?"

हे सगळ्यांना रास्त वाटलं.

त्या पुनवेला पाणी धाकूच्या दारापासून तीन पावलांवर आलं. आदल्याच दिवशी त्याने दगड वर चढवून ठेवला होता. पाणी ओसरू लागल्यावर त्याने हाक दिली. पहिली नेहमीसारखी निघाली. दुसरी जवळच्यांनाच ऐकू गेली. तिसरीच्या वेळी त्याने घसा बसल्याची खूण केली. जंगलाने दोनांवर भागवलं आणि जेवायला बसलं.

वर्ष गेलं. सोनचिखली परत आली. राजासमोर उभी राहून तिने एक पंख उचलला. खाली एक पीस होतं.

"हे पीस आहे," राजा म्हणाला.

"हो, महाराज. याच्याखाली बर्फ होता. मोठे डोंगर ओलांडेपर्यंत अंगाला झोंबत होता. मग नुसतं ओलं पीस राहिलं. काल तेही वाळलं."

"म्हणजे बर्फ नाही."

"वितळला, महाराज. मी तेच सांगतेय."

बगळ्याने मान हलवली. "महाराज, बर्फ वितळतो हे दाखवायला हिने बर्फ आणायचा होता. तो हिने वाटेत घालवला. याला निष्काळजीपणा म्हणतात. आणि समजा, बर्फ आहे. समजा, तो वितळतो. तरी काय?" त्याने शेजारच्या डबक्याकडे चोच केली. डबक्यात एक बेडूक पोहत होता. "हा बेडूक पाण्यातच आहे. तो पाण्यात विरघळला तर डबक्याचं पाणी वाढेल?"

"मला विरघळायचं नाही," बेडूक म्हणाला.

"उदाहरण आहे. गप्प राहा."

"गुरुजींचं बरोबर आहे," सोनचिखली म्हणाली. सगळे चकित झाले. "पाण्यात तरंगतो त्या बर्फाने पाणी जवळजवळ वाढत नाही. पण काठावर बघा."

काठावर पंचवीस-तीस बेडूक दाटीवाटीने बसले होते.

"हे सगळे आत उतरले तर?"

राजाने खूण केली. बेडकांनी एकदम उड्या मारल्या. डबकं काठावरून सांडलं आणि पाणी राजाच्या पोटाखाली आलं. राजा उठून उभा राहिला. दहा वर्षांत तो पहिल्यांदाच उठून उभा राहिला होता. धाकूला वाटलं, कळलं. आता कळलं याला.

"म्हणजे बेडकांमुळे होतंय हे," राजा म्हणाला.

"महाराज, बेडूक म्हणजे डोंगरावरचा बर्फ," सोनचिखली म्हणाली.

"बर्फ आपल्याकडे नाही. बेडूक आपल्याकडे आहेत. आपल्या हातात आहे ते आपण आधी करू."

बगळ्याने लगेच हुकूम सांगितला. आजपासून काठावरच्या कोणत्याही बेडकाने पाण्यात उडी मारू नये. जंगलाला हुरूप आला. इतके दिवस नुसतं बोलणंच चाललं होतं. ससाण्यांना पहाऱ्यावर बसवलं. माकडांनी झाडांवरून ओरडून बेडकांना धीर दिला. बेडूक उन्हात ओळीने बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दोन म्हातारे बेडूक वाळून गेले. त्यांचा सत्कार झाला. वाळल्यामुळे त्यांना उचलून न्यायला सोपं गेलं.

त्या उन्हाने डबक्याचं पाणीही खाली गेलं.

"उपाय लागू पडला," बगळा म्हणाला.

सोनचिखली उंडीखाली येऊन बसली. आवडीने विचारलं, "काय झालं तिकडे?"

"बेडकांना बंदी झाली."

"कशाची?"

"पाण्याची."

आवडीने जरा विचार केला. "बाय, तू यंदा लवकर निघून जा परत," ती म्हणाली. "इथे राहिलीस तर तुलाही काहीतरी ठरवतील."

पुनवेच्या आदल्या दिवशी बगळा धाकूच्या दारात येऊन उभा राहिला. लांब पाय, स्वच्छ पांढरी पिसं. एक पाय वर घेतलेला.

"धाकू, उद्या सकाळी दगड उंडीच्या वर घ्यायचा. त्या कातळापाशी."

धाकूने कातळाकडे पाहिलं. मग दाराकडे. "गुरुजी, मग बीळ पुढे राहतं."

"राहतं."

"म्हणजे समुद्रात."

"बिळाचं मला माहीत नाही. दगडाच्या पुढे असतो तो समुद्र, एवढं माहीत आहे. नियम काय मी केला? तुझ्याच घराण्याने सांभाळलाय."

आतून आवडीचा आवाज आला. "गुरुजी, मग आम्ही कोण?"

"मासे."

"मला पोहता येत नाही हो."

"नवीन मासे आहात. सवय होईल." बगळ्याने दारातून मान आत घातली आणि इकडेतिकडे पाहिलं. "आंधळी आहे ना ही? बरं आहे. आंधळे मासे शांत असतात."

तो गेल्यावर धाकू दारातच बसून राहिला. आवडी आतून सातही वळणं चालत त्याच्यापर्यंत आली आणि त्याच्या बाजूला बसली.

"तू काय करणार?" तिने विचारलं.

"दगड ढकलणं एवढंच येतं मला."

"आणि हाक देणं."

"आणि हाक देणं," धाकू म्हणाला.

सकाळी त्याने दगडाला खांदा लावला. एवढ्या वर्षांची सवय. दगड दोन पावलं निमूट चढला, तिसऱ्या पावलाला बिळाच्या तोंडाशी आला. आता नुसता एक जोर आणि तो उंडीच्या पलीकडे. धाकूने खांदा लावून ठेवला. जोर केला नाही. मग खांदा काढला आणि दगडावर चढून बसला.

दुपार झाली. सगळं जंगल चढणीवर जमलं. पुढ्यात पानं मांडलेली. दोन लग्नं ठरलेली, त्यांची नवरा-नवरी दोन्हीकडे तयार. राजा नेहमीप्रमाणे खालच्या अंगाला, चिखलात. पाणी आलं. राजाच्या पोटाला लागलं, मग पाठीला.

"यंदा चिखल छान झालाय," राजा म्हणाला.

पाणी दगडाला भिडलं. दगडाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घातला आणि बिळात शिरलं.

"धाकू," आतून आवडी म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "पहिल्या वळणाला पाणी आहे."

धाकू दगडावर बसून होता.

"दगड इथेच कसा?" बगळा म्हणाला. "बरं, राहू दे. नंतर घेऊ. तू हाक दे. लोक जेवायचे थांबलेत."

"अजून ओसरलं नाही, गुरुजी."

"ओसरेल की. आपण नेहमी थोडंफार धरूनच चालतो. माझ्या गुडघ्याच्या खाली आहे."

"दुसऱ्या वळणाला पण आलं," आवडी म्हणाली. "माझी भिंत विरघळतेय रे."

सगळ्या माना धाकूकडे वळल्या. सोनचिखली उंडीच्या फांदीवर बसली होती. ती काही सुचवत नव्हती. तिचं सांगून झालं होतं. राजाने मुस्कट पाण्याच्या वर धरलं होतं, आणि त्याला आता बोलायला जरा त्रास होत होता.

"धाकू, बाबा, म्हण की," राजा म्हणाला. "तू म्हटलंस की बरं वाटतं सगळ्यांना. मलाही."

ते खरं होतं. धाकूला माहीत होतं. त्याच्या एका वाक्यावर माणसं, म्हणजे जनावरं, निजत होती, उठत होती, पोरांची लग्नं लावत होती. बाप मरताना ते वाक्य सोडून दुसरं काही ठेवून गेला नव्हता. धाकूने तोंड उघडलं. चढणीवर सगळ्यांनी हात पानांकडे नेले.

तेवढ्यात आवडी बिळाच्या तोंडाशी आली. मानेपर्यंत भिजलेली. चिखलाने माखलेली. ती उजेडात उभी राहिली आणि नाक इकडे तिकडे फिरवत राहिली. घर पाठीमागे होतं आणि पुढे काय होतं ते तिला माहीत नव्हतं.

धाकूने तोंड मिटलं.

तो दगडावरून उतरला. आवडीसमोर जाऊन त्याने पाठ केली आणि शेपटीचे काटे हलवले. खुळखुळ झाली. आवडीने त्या खुळखुळीकडे नाक वळवलं आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"हाक राहिली," बगळा म्हणाला.

"तीनदा नको," मागून राजा म्हणाला. पाणी त्याच्या कानांपर्यंत आलं होतं. "एकदाच म्हण. हळू म्हटलंस तरी चालेल."

धाकू वळला नाही. पानांच्या दोन ओळींमधून तो चढत गेला. लग्नाची मंडळी पाय आखडून वाट देत होती. खडा आला की तो थांबायचा, काटे जरा जास्त हलवायचा, आवडी पाय उचलायची. कातळ मागे पडला. झुडपं लागली. धाकू काटे वाजवत चालत राहिला.

तात्पर्य : समुद्र नेहमी मर्यादेतच असतो. फक्त दगड ढकलणाऱ्याला दुखवू नये; तो उठून गेला की पाणी दिसायला लागतं.